जावईबापूंचा समुद्र

घरात समुद्र पाळणाऱ्या माणसाला खाऱ्या पाण्याची भीती नसते, विजेच्या बिलाची नसते, बायकोचीही फारशी नसते. त्याला एकच धास्ती असते, की ऐन वेळी सुपरग्लूची नळी तोंडाशी वाळून बसेल. हे ज्ञान मला न्यू जर्सीत झालं.

आमचे जावईबापू तिथे संगणकातलं काहीतरी करतात, असं आम्ही पुण्यात सांगतो. प्रत्यक्षात ते प्रवाळ तोडतात आणि चिकटवतात. मधल्या वेळात संगणकाचं बघतात. दिवाणखान्यात जिथे सभ्य माणसं शोकेस ठेवतात, तिथे त्यांनी साडेचारशे लिटरचा समुद्र बसवला आहे. तो निळ्या दिव्यांनी उजळलेला असतो आणि चोवीस तास गुरगुरत असतो. त्यात मासे आहेत, पण नावाला. जीव सगळा प्रवाळांवर.

टाकीखालच्या खणात हाडं कापायची कात्री आहे, सर्जनची पाती आहेत, आयोडीनची बाटली, रबरी हातमोजे, डोळ्यांना गच्च बसणारा चष्मा, दात कोरायच्या काड्यांचं खोकं, रबरबँड, आणि ख्रिश्चन लग्नात नवरीच्या चेहऱ्यावरून सोडतात ती पांढरी जाळी. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हिने बशीच्या शोधात तो खण उघडला. रात्री दिवा मालवल्यावर हळूच मला म्हणाली, "लग्नाआधी आपण चौकशी नीट केली होती ना?"

दुसऱ्या दिवशी तिने थेट विचारलं, "यातून पोवळं निघेल का? मला मंगळासाठी सांगितलंय." जावईबापूंनी नम्रपणे सांगितलं, "आई, अंगठीतलं लाल पोवळं वेगळं. ते भूमध्य समुद्राच्या खोल पाण्यातलं. इथे त्यातलं काही नाही." त्या दिवसापासून हिचा त्या टाकीतला रस निम्म्यावर आला. माझा मात्र वाढला, कारण तिथे मला काम मिळालं. टॉर्च धरणे, आणि सांगितल्यावर पंप बंद करणे. निवृत्त माणसाला याहून जास्त अधिकार कुठे मिळतात?

प्रवाळ म्हणजे प्राणी, हे आधी डोक्यात बसवावं लागतं. दिसतं झुडूप, हाताला लागतो दगड, आणि असतो प्राणी. किंबहुना हजारो प्राणी. एकेक जीव मोहरीएवढा, मध्ये एक तोंड, भोवती झिपऱ्या. जेवण ज्या दाराने आत जातं त्याच दाराने उरलंसुरलं बाहेर. त्यांच्या अंगातच सूक्ष्म शेवाळं राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि यजमानाला पोसतं. हिने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे स्वतः काय करतात?" "वाढतात," जावईबापू म्हणाले. हिने माझ्याकडे पाहिलं. मी टॉर्चकडे पाहिलं.

वाढायला त्यांना हाडाचा चुना लागतो आणि तो पाण्यातून मिळवावा लागतो. म्हणून रात्री एका डब्यातून चुन्याची निवळी थेंब थेंब टाकीत पडत असते. पानाला लावतात तोच चुना. जर्मन हौशी मंडळींनी ही युक्ती जगभर नेली. लिटरला चारशेवीस मिलिग्रॅम कॅल्शियम, तेराशेच्या आसपास मॅग्नेशियम, तापमान पंचवीस-सव्वीस अंश, खारेपणा हजारी पस्तीस. जावईबापूंचं कोलेस्टेरॉल किती हे डॉक्टरांनी विचारलं तर मुलीला फोन लावावा लागतो. टाकीतलं कॅल्शियम ते झोपेतून उठवलं तरी सांगतील.

आता तोडण्याविषयी. प्रवाळाची फांदी मोडली की मोडलेला तुकडा मरत नाही, नीट जागा मिळाली तर त्याचंच नवं झुडूप होतं. समुद्रात वादळाने फांद्या मोडतात आणि खाली पडून रुजतात. घरात वादळ येत नाही, म्हणून रविवारी सकाळी जावईबापू येतात. मोजे चढवलेले, चष्मा घातलेला, अंगावर जुना टी-शर्ट. त्या वेशात ते दाराशी उभे होते तेव्हा कुरियरवाल्याने पुडा पायरीवरच ठेवला आणि तो गेला.

अ‍ॅक्रोपोरा नावाचं फांदीदार प्रवाळ ते पाण्याबाहेर काढतात. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर कात्री ठेवतात आणि दाबतात. 'कट्' असा कोरडा आवाज होतो. आतून फांदी पांढरीशुभ्र. बाहेरचे सगळे बारीक जीव क्षणात आत ओढले जातात आणि फांदी गुळगुळीत दिसायला लागते. मग तिला घाम फुटतो, म्हणजे बुळबुळीत चिकट दोरे सुटतात, आणि खोलीभर एक वास पसरतो. वर्णन करायचं तर ससून डॉकला दुपारी बारा वाजता उभं राहा; पण तिथे निदान वारा असतो. मुलगी न बोलता खिडक्या उघडते. तिच्या संसाराचा अर्धा इतिहास त्या खिडक्या उघडण्यात आहे.

तोडलेले तुकडे आयोडीनच्या पाण्यात काही मिनिटं बुडवून ठेवायचे. जखम धुतली जाते, आणि काही लपलेले पाहुणेही गळून पडतात. अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटे किडे असतात. ते ज्या फांदीवर बसतात त्याच फांदीच्या रंगाचे होतात, त्यामुळे पूर्ण बाग खाऊन होईपर्यंत ते मालकाला दिसत नाहीत. म्हणून बाहेरून आणलेला तुकडा थेट टाकीत जात नाही. आधी आंघोळ, मग भिंगाखाली तपासणी, मग तळघरातल्या वेगळ्या टाकीत मुक्काम. आम्ही विमानतळावरून आलो तेव्हा आम्हाला इतकं कोणी तपासलं नव्हतं.

आणि मग चिकटवणं. इथे खरी कला. रुपयाएवढ्या चिनी मातीच्या बटणावर, ज्याला खाली दांडी असते, वाटाण्याएवढा ग्लूचा थेंब ठेवायचा. ग्लू पातळ चालत नाही, जेलसारखा घट्ट हवा. आपलं फेविक्विक ज्या सायनोअ‍ॅक्रिलेटचं असतं, तेच रसायन. 1942 मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या हॅरी कूव्हर यांना बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना ते सापडलं. ज्याला त्याला चिकटतं म्हणून त्यांनी तेव्हा ते बाजूला ठेवलं आणि बाजारात यायला 1958 उजाडलं. त्याची गंमत अशी, की ते वाळायला हवा नव्हे, ओल लागते. पाण्यात बुडवलं की उलट लवकर घट्ट होतं. यावरच जगभरच्या घरगुती समुद्रांचा डोलारा उभा आहे.

तुकड्याचा बुडखा फडक्याने टिपायचा, थेंबावर दाबायचा, किंचित पिळायचा आणि श्वास रोखायचा. हा श्वास जावईबापू रोखतात, मीही रोखतो, हिनेही एकदा रोखला होता. थेंबावर पांढरी साय धरते. मग तुकडा पाण्यात. दहातले नऊ उभे राहतात. दहावा जावईबापूंच्या अंगठ्याला चिकटलेला असतो. त्या अंगठ्याचे ठसे आता मोबाइल ओळखत नाही.

बटणावर चिकटलेला तुकडा पुढे काही आठवड्यांनी ग्लूवरच आपली कातडी पसरवतो आणि स्वतःच्या बळावर उभा राहतो. तोवर जगाने त्याला धक्का लावू नये, एवढीच अपेक्षा असते. आणि जगाला दुसरं काम नसतं.

पहिला शत्रू गोगलगाय. काच साफ करायला ठेवलेली, लिंबाएवढी. ती वाटेत आलेल्या वस्तूला वळसा घालत नाही. वाळू उपसणारा एक मासा आहे. तो गिळलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकतो आणि दर वेळी नेमकी दीडशे डॉलरच्या तुकड्यावर टाकतो. पण या सगळ्यांत वरचढ म्हणजे टक्सिडो अर्चिन. लिंबाएवढाच, काटेरी, निळ्या-काळ्या पट्ट्यांचा. त्याला उजेडाची लाज वाटते, म्हणून तो शिंपले, शेवाळाचे तुकडे, जे सैल सापडेल ते डोक्यावर घेऊन फिरतो. एका सकाळी मी चहा घेऊन टाकीसमोर बसलो होतो. एक हिरवा-जांभळा अ‍ॅक्रोपोरा, बटणासकट, काचेवरून शांतपणे वर निघाला होता. मी जावईबापूंना हाक मारली, "अहो, तुमचं प्रवाळ चालायला लागलं." ते ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कॅमेरा चालू ठेवून ते उठून आले. पलीकडच्या आठ-दहा जणांनी त्या दिवशी रिकामी खुर्ची पाहिली आणि मागून येणारे मराठी उद्गार ऐकले.

काही प्रवाळांना ग्लू मुळातच मान्य नाही. मश्रूम म्हणतात ते मऊ, थाळीच्या आकाराचे. त्यांच्या अंगाला इतका बुळबुळीतपणा, की ग्लू त्या बुळबुळीला चिकटतो आणि मश्रूम निघून जातो. त्यांच्यासाठी ती नवरीची जाळी. प्लास्टिकच्या वाटीत दगडांची बारीक खडी, त्यावर मश्रूम, वर जाळी, जाळीला रबरबँड. प्रवाह मंद ठेवायचा आणि वाट पाहायची. त्याच्या मनात आलं की तो आपोआप एखाद्या खड्याला धरतो. लेदर नावाच्या जातीला काडी आरपार खुपसून दगडाला बांधतात. दात कोरायच्या काड्यांचं रहस्य ते. जाळीतून निसटलेला मश्रूम मात्र तरंगत तरंगत दगडांच्या मागे, जिथे हात जात नाही आणि नजर पोचत नाही, अशा फटीत जातो आणि तिथे विनाग्लू असा बसतो की दगड फोडल्याशिवाय निघत नाही.

याहून मोठा अन्याय ऐप्टेशियाचा. हे एक भुरकट, कुरूप समुद्रफूल, कोणी न बोलावता दगडाबरोबर आलेलं. त्याला चिरडलं तर जेवढे कण पडतील त्यांतून नवी फुलं येऊ शकतात. उपटायला गेलं तर तळपायाचा तुकडा मागे ठेवून जातं आणि त्यातूनही उगवतं. ज्याच्यासाठी कात्री, आयोडीन, ग्लू आणि रविवार खर्ची घातला ते रुसतं. ज्याला मारायला इंजेक्शन घेऊन बसलो ते दुप्पट होतं. त्यावर उपाय म्हणून एक पट्टेवाली कोळंबी आणली. ती ऐप्टेशिया खाते म्हणतात. खातेही, पण माशांचं आयतं खाणं वरून पडत असताना तिलाही काही घाई नसते. हिने त्या कोळंबीकडे बराच वेळ वेगळ्याच नजरेने पाहिलं. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, ती नाही हं."

चिकटवलेल्यांची आपसांतली भांडणं हा आणखी एक विषय. प्रवाळ दिवसा सोज्वळ दिसतात. रात्री दिवे गेले की काही जाती वीतभर लांब, विषारी झिपऱ्या बाहेर काढून शेजाऱ्याला भाजून काढतात. म्हणून दोन जातींमध्ये हद्द ठेवावी लागते. एकाच झुडपाचे दोन तुकडे मात्र भांडत नाहीत. जवळ लावले तर वाढत वाढत एकमेकांना भिडतात आणि एक होतात.

हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

या तुकड्यांची देवाणघेवाण करायला तिकडे बाजार भरतो. एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये. असल्याच हॉलमध्ये आपल्या मंडळाचा गणपतीही बसतो. टेबलांवर उथळ टाक्या, निळे दिवे, आणि नारिंगी चष्मे लावून टाक्यांत डोकावणारी प्रौढ माणसं. निळ्या उजेडात प्रवाळांचे रंग इतके भडकतात की घरी नेऊन साध्या दिव्याखाली पाहिल्यावर गिऱ्हाईक गप्प होतं. भाव लावायच्या पद्धती जातीप्रमाणे. फांदीचा भाव इंचावर. टॉर्च जातीचा डोक्यावर. झोअँथिड म्हणून बारीक फुलांचे गालिचे असतात, त्यांचा फुलागणिक. एका जातीचा भाव तर डोळ्यागणिक सांगतात, आणि तो डोळाही नसतो, तोंड असतं. नखाएवढ्या तुकड्याला शंभर डॉलर ऐकून मी मनात रुपये करू लागलो आणि जावईबापूंनी माझा हात धरून मला पुढे नेलं. नावं ऐकावीत: वॉल्ट डिस्ने, रास्ता, पर्पल मॉन्स्टर. एका महागड्या अ‍ॅक्रोपोराचं नाव होमरेकर. मुलगी म्हणाली, "नाव तरी प्रामाणिक आहे."

पण याच बाजारात एक रीत पाहिली आणि मला या लोकांविषयी आदर वाटला. आपल्याकडचा सगळ्यात चांगला तुकडा ते ओळखीच्या माणसाला फुकट देतात. दानत म्हणून नव्हे. आपली टाकी एखाद्या रात्री वीज जाऊन मेली, तर त्याच्याकडून परत मागता यावा म्हणून. विरजण संपलं की शेजारच्या काकूंकडे वाटी घेऊन जावं, आणि ते मुळात आपल्याच दह्याचं निघावं, तसं. बर्लिनमध्ये डीट्रिच श्ट्यूबर नावाच्या गृहस्थांनी घरच्या टाकीत अ‍ॅक्रोपोरा टिकवून दाखवला. तो पाळता येत नाही असं मानण्याचा तो काळ. त्यांनी तोडून वाटलेले तुकडे जर्मनीभर आणि पुढे अमेरिकेपर्यंत गेले. वाटलेला प्रत्येक तुकडा म्हणजे तोच जीव, त्याचं मूल नव्हे.

एका ठिकाणी मात्र थट्टा बाजूला ठेवतो. झोअँथिड आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जालीम विष असतं. हवाईतल्या माउई बेटावर हाना गावाजवळच्या एका खळग्यातली ही वस्तू स्थानिक लोक भाल्याच्या टोकांना लावत, अशी कथा आहे. तिथूनच घेतलेल्या प्रवाळातून 1971 मध्ये शास्त्रज्ञ मूर आणि शॉयर यांनी हे विष वेगळं काढलं. कापताना पिचकारी डोळ्यात उडाली किंवा बोटावर जखम असली तर प्रकरण इस्पितळापर्यंत जातं. दगड साफ करायला उकळत्या पाण्यात घातला आणि वाफेने घरातली सगळी माणसं आजारी पडली, असं प्रत्यक्ष घडलेलं आहे. जावईबापूंचा तो चष्मा आणि मोजे मला आधी नाटक वाटत होते. आता ते मोजे न घालता खणाजवळ गेले तर मीच ओरडतो.

कोणी म्हणेल, नखाएवढ्या तुकड्यांशी खेळणाऱ्या या रिकामटेकड्यांचा समुद्राला उपयोग काय? मीही एका रात्री हे विचारलं. जावईबापू ग्लूचं टोपण लावत म्हणाले, "बाबा, फ्लोरिडात बघा काय चाललंय." तिथे केन नेडिमायर नावाचे एक जण. मत्स्यटाक्यांसाठी मासे पकडणं आणि समुद्रतळावर दगड 'पिकवणं' हा त्यांचा धंदा. फ्लोरिडात समुद्रातलं दगडी प्रवाळ तोडायला कायद्याने बंदी, पण त्यांच्या भाड्याच्या जागेतल्या दगडांवर स्टॅगहॉर्न प्रवाळ आपणहून येऊन वाढलं. ते त्यांनी तोडलं, पुन्हा लावलं, पुन्हा तोडलं. आणि 2007 मध्ये कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन उभं राहिलं. दुसरे डेव्हिड व्हॉन, तेव्हा मोट मरीन लॅबोरेटरीत होते. टाकीतलं प्रवाळ हलवताना त्याचा तळाशी चिकटलेला भाग मोडला आणि थोडेसे जीव मागे राहिले. मेले असं धरून त्यांनी लक्ष काढून घेतलं. पुन्हा पाहिलं तर ते झपाट्याने पसरलेले. त्यावरून कळलं, की प्रवाळाचे अगदी बारीक, नखाएवढे तुकडे केले तर ते 25 ते 50 पट वेगाने वाढतात. आणि एकाच झुडपाचे तुकडे शेजारी लावले की भिडून एक होतात; हे मघाशी सांगितलंच. दगडी चेंडूसारखं जे प्रवाळ मोठं व्हायला माणसाचं आयुष्य लागायचं, ते आता मेलेल्या खडकावर तुकडे चिकटवून काही वर्षांत उभं करतात. साधनं? करवत, बटणं आणि ग्लू.

अर्थात पाणीच तापलं तर ग्लू काय करणार? जुलै 2023 मध्ये फ्लोरिडाच्या मॅनटी बे मधल्या यंत्राने पाण्याचं तापमान 38.4 अंश नोंदवलं; आंघोळीला आपण याहून कोमट घेतो. त्या उन्हाळ्यात समुद्रात वाढवलेले तुकडे पुन्हा उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणून ठेवावे लागले. समुद्राला समुद्रापासून वाचवायला टाकी लागली. हे ऐकून हिने पहिल्यांदाच त्या टाकीला "बिचारी" म्हटलं.

परत निघताना सोसायटीतल्या एका गृहस्थांचा फोन आला. "येताना दोन-चार तुकडे आणाच. आमच्या फिश टँकमध्ये छान दिसतील." त्यांच्या टाकीचं पाणी गोडं आहे आणि त्यात एक गोल्डफिश आहे, हे सोडून देऊ. पण दगडी प्रवाळ देशाबाहेर न्यायला आंतरराष्ट्रीय परवाने लागतात, आणि आपल्याकडे तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ वाघाच्या पंगतीत बसलेले आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली इथल्या 18 प्रवाळ वसाहती 2020 मध्ये हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलासुद्धा वनखात्याची परवानगी काढावी लागली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं बोलवावी लागली. जिथे महापालिकेला फाइल फिरवावी लागली, तिथे मी बॅगेत काय आणणार?

तेव्हा एवढंच सांगतो. मालवणला स्नॉर्केलिंगला गेलात तर दमलो म्हणून खाली दिसणाऱ्या 'दगडावर' पाय टेकवू नका; तो दगड नसण्याची शक्यता बरीच आहे. किनाऱ्यावर पांढरा, नक्षीदार तुकडा सापडला तर तो तिथेच राहू द्या. दुकानात कोणी शोभेचं प्रवाळ दाखवलं तर भाव विचारू नका. फोटो मात्र जरूर काढा आणि मला पाठवा. न्यू जर्सीत एक माणूस रात्री अकरा वाजताही तो मोठा करून बघतो आणि जात ओळखून सांगतो.